अडीचशे ग्रॅमचा निकाल आणि दोन फुटलेली कौले

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने मला एक संदेश पुढे पाठवला आणि त्याखाली एकच ओळ लिहिली: ‘मावशी, मग माझा विकून टाकू का?’ ‘मोठ्या ड्रोनचे दिवस संपले’ अशा मथळ्याचा हा संदेश बऱ्याच जणांपर्यंत पोहोचलेला आहे. त्यात पाच दावे आहेत. लहान ड्रोनचा ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा जुन्या १२ मेगापिक्सेलच्या चौपट चांगला असतो. सेन्सरला जे दिसले नाही ते एआय भरून काढते. गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारे फिरते टेकण, असल्यामुळे वाऱ्याची चिंता उरलेली नाही. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला कोणत्याही देशात कायदा लागू नाही. आणि म्हणून दोन वर्षांत मोठे ड्रोन बंद पडतील, तेव्हा आजच विकून मोकळे व्हा. भाच्याचा ड्रोन नऊशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तो त्याने स्वतःच्या कमाईतून, दुसऱ्याने वापरलेला असा विकत घेतला आहे आणि दुरुस्तीपूर्वी घरांच्या छपरांची छायाचित्रे काढून देण्याचे काम तो त्यावर करतो. विक्रीच्या जाहिरातीचा मजकूरही त्याने लिहून ठेवला होता, म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहे.

दुसऱ्या दाव्यापासून सुरुवात करते, कारण पाचांपैकी खरे नुकसान करणारा तोच आहे. ‘सेन्सरला जे दिसले नाही ते एआय भरून काढते’ हे वाक्य सावकाश वाचावे. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग. जे दिसलेच नाही ते भरून काढण्याला कल्पना करणे म्हणतात, आणि छायाचित्रात कल्पना नेमकी कुठे शिरली आहे हे ओळखण्याची सोय नसते. याचा नमुना भाच्याच्याच संगणकावर होता. त्याने तो मला लहान ड्रोनचे कौतुक म्हणून दाखवला. मित्राच्या लहान ड्रोनवरून त्याने एका कौलारू छपराचे चित्र तिप्पट डिजिटल झूम करून घेतले होते आणि ते थोडे पुसट आल्यामुळे चित्र स्पष्ट करून देणाऱ्या एका प्रणालीतून काढले होते. निघालेले चित्र देखणे होते. प्रत्येक कौलाची कड रेखीव, प्रत्येकाखाली सावलीची बारीक रेघ. त्याच दिवशी त्याच छपराचे चित्र त्याने स्वतःच्या ड्रोनच्या टेलिफोटो, म्हणजे लांबचे जवळ आणून दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यानेही घेतले होते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून आम्ही वरून तिसरी ओळ मोजत गेलो. टेलिफोटोच्या चित्रात एक कौल मधोमध तडकलेले होते आणि शेजारच्याचा कोपरा तुटून खाली सरकला होता. लहान ड्रोनच्या मूळ चित्रात त्या जागी एक काळपट डाग होता. सुधारलेल्या चित्रात मात्र ती ओळ अखंड होती. दोन्ही कौले शाबूत, सावल्यांसकट.

यात प्रणालीचा बिघाड काहीच नव्हता, ती तिचे काम करत होती. अशा प्रणालीला असंख्य चित्रे दाखवून शिकवलेले असते, आणि पुसट डागाच्या जागी काय असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, ते ती रंगवते. कौलांच्या ओळीत सर्वांत संभाव्य गोष्ट म्हणजे अखंड कौल. तडा हा स्वभावतःच अपवाद असतो, आणि छपराची तपासणी म्हणजे त्या अपवादाचाच शोध. भाच्याने ते देखणे चित्र घरमालकाला दिले असते, तर गळती पावसाने दाखवून दिली असती.

एआय या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात, तेही येथे सांगायला हवे. एकाच दृश्याच्या लागोपाठ अनेक चौकटी घेऊन त्या एकमेकींवर बसवणे आणि त्यातून गोंगाट, म्हणजे अंधाऱ्या भागातले ते रंगीत कण, कमी करणे ही प्रामाणिक युक्ती आहे. तिथे प्रत्येक चौकटीतला प्रकाश खराच आलेला असतो. स्थिर दृश्याच्या स्थिर छायाचित्रात ती उत्तम चालते. चलच्चित्रात मात्र सेकंदाला ५० चौकटी असतील, तर एका चौकटीच्या वाट्याला फार तर सेकंदाचा पन्नासावा भाग येतो, आणि पाने हलत असतील किंवा पाणी वाहत असेल तर शेजारच्या चौकटी एकमेकींशी जुळत नाहीत. मग झाडाचा शेंडा ओल्या रंगावर बोट फिरवल्यासारखा दिसतो.

मेगापिक्सेलच्या दाव्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. संख्या चौपट झाली तरी उभ्या आणि आडव्या दिशेने तपशील दुपटीहून जास्त वाढू शकत नाही. तोही वाढतोच असे नाही, कारण या ४८ मेगापिक्सेलच्या सेन्सरांवर सहसा चार-चार पिक्सेलांवर मिळून एकाच रंगाची गाळणी असते. त्यातला एक पिक्सेल साधारण १.२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि एफ/१.७ छिद्राच्या (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) निर्दोष भिंगातूनसुद्धा हिरव्या प्रकाशाचा बिंदू सुमारे २.३ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो. ठिपकाच जवळजवळ दोन पिक्सेल रुंद असेल, तर ४८ हा आकडा मुख्यतः खोक्यावर छापण्याच्या कामाचा उरतो.

आता एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते, कारण या संदेशाला उत्तर देणारे बहुतेक लोक ‘सेन्सर मोठा तर प्रकाश जास्त’ एवढे म्हणून थांबतात आणि ते अर्धवट आहे. डीजेआय या कंपनीच्या, २०२२ मध्ये आलेल्या मिनी ३ प्रो या २४९ ग्रॅमच्या ड्रोनचा सेन्सर १/१.३ इंची आहे, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ७० चौरस मिलिमीटर. त्याच कंपनीच्या २०२१ च्या ८९५ ग्रॅमच्या मॅविक ३ चा ४/३ इंची सेन्सर सुमारे २२५ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे तिपटीहून मोठा. पण मिनीचे भिंग एफ/१.७ चे आहे आणि मॅविकचे एफ/२.८ चे. भिंगाचे केंद्रांतर, म्हणजे ढोबळमानाने भिंगापासून चित्र उमटते तिथपर्यंतचे अंतर, भागिले एफ-संख्या केली की ज्या छिद्रातून प्रकाश प्रत्यक्ष आत येतो त्याचा व्यास मिळतो. तो एकीकडे सुमारे ४ मिलिमीटर आणि दुसरीकडे सुमारे ४.४ मिलिमीटर निघतो. दृश्याचा विस्तार दोन्हींत सारखाच असल्यामुळे संधिप्रकाशात दोघांना मिळणारा एकूण प्रकाश फारसा वेगळा नसतो. भाच्याच्या आणि त्याच्या मित्राच्या ड्रोनने सूर्यास्तानंतर काढलेली चित्रे मी नावे झाकून पाहिली, तेव्हा दोनदा मीच चुकले.

फरक उघडा पडतो तो भर दुपारी, जिथे कोणी शोधत नाही. मोठा सेन्सर भरून वाहू लागण्यापूर्वी जास्त प्रकाश साठवतो, त्यामुळे पांढरे ढग आणि छपराखालची काळी सावली एकाच चौकटीत धरण्याची त्याची ऐपत जास्त असते. मॅविक ३ चे छिद्र एफ/११ पर्यंत बारीक करता येते. मिनीचे छिद्र ठरलेले असल्यामुळे उन्हात चलच्चित्रासाठी भिंगावर काळी काच चढवावी लागते आणि ढग आला की ड्रोन खाली उतरवून ती बदलावी लागते. सर्वांत मोठा फरक लांबच्या भिंगाचा. डिजिटल झूम तिप्पट केला की सेन्सरचा फक्त नववा भाग वापरात राहतो, मग ४८ मधले पाच-सव्वापाच मेगापिक्सेल हातात उरतात आणि प्रकाशही तेवढाच. हे टाळायचे तर लांब केंद्रांतराचे स्वतंत्र भिंग हवे, त्याला स्वतःचा सेन्सर हवा आणि ते सगळे पेलणारे जड गिंबल हवे. हात आणि पाती घडी घालून ठेवता येतात, काचेची घडी घालता येत नाही.

गिंबल कॅमेऱ्याचे हेलकावे आणि वळणे शोषून घेते, पण वाऱ्याने अख्खा ड्रोनच सरकला तर तेही त्याच्याबरोबर सरकते. ही झाली चित्राची बाजू. परत येण्याची बाजू जास्त गंभीर आहे. मिनी ३ प्रोचा कमाल वेग सेकंदाला १६ मीटर, मॅविक ३ चा २१ मीटर. समोरून १० मीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने एकाचा वेग ६ उरतो, दुसऱ्याचा ११. एक किलोमीटर परत येण्यास पहिल्याला १६७ सेकंद लागतात, दुसऱ्याला ९१. आणि ही सगळी मिनिटे बॅटरी सर्वांत वेगाने खाणारी असतात. अशा वाऱ्यात स्क्रीनवरचे चित्र अगदी स्थिर दिसते, हा खरा धोका आहे, कारण वारा जाणवायला आपण वर नसतो.

कायद्याचा दावा चुकीचा तर आहेच, पण अडीचशे ग्रॅम हा आकडा आला कुठून हे कळले की तो हास्यास्पदही वाटू लागतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, ड्रोन नोंदणीसाठी नेमलेल्या कार्यगटाने आपला अहवाल दिला. आकाशातून पडणारी वस्तू डोक्यावर आदळली तर किती ऊर्जेला मृत्यूचा संभव गंभीर मानायचा, हा त्यातला प्रश्न होता. गटाने सुमारे ८० ज्यूल ऊर्जा गृहीत धरली, पडणाऱ्या ड्रोनचा अंतिम वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर धरला आणि गणित करून २५० ग्रॅमवर रेघ ओढली. कॅमेऱ्याचा त्या हिशेबात उल्लेखही नाही. जगभरचे कारखाने गेली काही वर्षे ज्या वजनाच्या आत कॅमेरा बसवण्यासाठी धडपडत आहेत, ते वजन डोक्याला मार किती बसेल यावरून ठरलेले आहे.

शिवाय ती रेघ सगळीकडे सारखी नाही आणि जागची हलतेही. अमेरिकेत तिच्या आत असलेल्या ड्रोनला नोंदणीतून सूट आहे ती फक्त हौसेच्या उड्डाणाला. भाच्यासारखे मोबदल्याचे काम केले की नोंदणी आलीच. युरोपीय संघात ड्रोन खेळणे म्हणून विकलेला नसेल आणि त्यावर कॅमेरा असेल, तर २५० ग्रॅमच्या आतही चालकाला नोंदणी करावी लागते. ब्रिटनने १ जानेवारी २०२६ पासून मर्यादा १०० ग्रॅमवर आणली. जपानची गोष्ट तर बोधप्रद आहे: तिथली जुनी मर्यादा २०० ग्रॅमची होती, म्हणून २०१९ च्या मॅविक मिनीची १९९ ग्रॅमची खास जपानी आवृत्ती निघाली. वजन वाचवले ते बॅटरीत, त्यामुळे इतरत्र ३० मिनिटे उडणारा ड्रोन तिथे १८ मिनिटांवर आला. जून २०२२ मध्ये जपानने नोंदणीची मर्यादा १०० ग्रॅमवर आणली आणि त्या बारा मिनिटांचा त्याग वाया गेला.

राहिले दोन वर्षांचे भाकीत. २०१६ मध्ये एक इंची सेन्सर हवा असेल, तर १३८८ ग्रॅमचा फँटम ४ प्रो उचलून न्यावा लागे. सप्टेंबर २०२५ मध्ये तेवढाच सेन्सर मिनी ५ प्रोमध्ये २४९.९ ग्रॅमवर आला, तोही चार ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतात अशा कंपनीच्याच कबुलीसह. ही प्रगती थक्क करणारी आहे आणि प्रवासाला निघालेल्या माणसाने आज किलोभराचा ड्रोन घ्यावा असे मी म्हणणार नाही. पण त्याच कंपनीच्या मोठ्या घडीच्या ड्रोनची वजने पाहा. २०१६ चा मॅविक प्रो ७३४ ग्रॅम, २०१८ चा मॅविक २ प्रो ९०७, २०२१ चा मॅविक ३ हा ८९५ आणि मे २०२५ चा मॅविक ४ प्रो १०६३ ग्रॅम, तीन कॅमेऱ्यांसह. इलेक्ट्रॉनिक भाग हलके होत गेले तसे वाचलेले वजन काचेवर, बॅटरीवर आणि मोठ्या सेन्सरवर खर्च झाले. मोठे ड्रोन नाहीसे व्हायचे असते, तर ते नऊ वर्षांत तीनशेहून जास्त ग्रॅमने जड झाले नसते.

भाच्याने जाहिरात दिलेली नाही. पैसे साठले की लहान ड्रोनही घेईन म्हणतो, भटकंतीसाठी, आणि त्याला माझी हरकत नाही. त्या घरमालकाला त्याने टेलिफोटोचेच चित्र दिले, तिसऱ्या ओळीतल्या दोन कौलांभोवती लाल वर्तुळ काढून.