इंटर्नशिपचे पैसे द्या, आणि तिची सक्ती करू नका

मी कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवते. आमच्या एमएससीच्या वर्गात मुंबईच्या गोवंडीची एक मुलगी आहे. १९२७ पासून चालू असलेलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड तिच्या गल्लीच्या टोकावरून दिसतं. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली, तेव्हा घरच्यांनी खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या, असं ती सांगते. कचरा म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

गेल्या वर्षी तिला एका सल्लागार कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. बिनपगारी. गोवंडीहून कुर्ला, तिथून बीकेसीला शेअर रिक्षा, आणि संध्याकाळच्या आठ मुलांच्या शिकवण्या बंद. तिने नकार कळवला. ती जागा ज्याच्या घरी परवडतं त्या मुलाला गेली. तो मेहनती आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण हिच्यासारखी मुलगी या क्षेत्राच्या दारातूनच परत जाते, हे मला सहन होत नाही.

"शिकायला मिळतंय ना, मग पैसे कशाला?" असं मला तोंडावर सांगितलं गेलंय. पण हे नुसतं शिकणं नसतं, काम असतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केला. त्यासाठी वर्षभराची वीजबिलं, जनरेटरचं डिझेल, पाण्याचे टँकर एक्सेलमध्ये भरत कितीतरी वेळा आमचीच मुलं बसलेली असतात. माझा एक विद्यार्थी मुलुंडच्या सोसायटीत कचऱ्याचं ऑडिट करायचा. सकाळी सातला हातमोजे घालून एकेक पिशवी काट्याला टांगायची, ताडपत्रीवर रिकामी करायची, ओल्या कचऱ्यातून डायपर आणि दुधाच्या पिशव्या वेचून काढायच्या, पुन्हा वजन करायचं. त्याच आकड्यांवर कंपनीने सोसायटीला बिल लावलं. त्याला मिळालं सर्टिफिकेट.

सीएच्या आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होतानाच्या प्रशिक्षणाला, किमान स्टायपेंड ठरलेला आहे. डॉक्टरकीच्या इंटर्नला स्टायपेंड देण्याचा नियम आहे. तिथे कोणी "शिकताय ना" म्हणत नाही.

आता एमएससीला ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, साधारण १२० तासांचं. तेवढं ठीक. पण सहा महिने किंवा वर्षभराचं काम ऐच्छिकच हवं, आणि पगारी हवं. ऐच्छिक अशासाठी, की कुणाला घरी आजारी माणूस असतं, कुणी आधीच नोकरी करून शिकतं, कुणाला संशोधनात जायचं असतं. सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं की जागा कमी पडतात आणि मुलं कुठल्या तरी ऑफिसात झेरॉक्स काढत बसतात. नको असेल त्याची डिग्री वेळेवर झाली पाहिजे, हवं असेल त्याचा प्रवास आणि जेवण तरी सुटलं पाहिजे.

परवा ती विचारत होती, "मॅडम, पैसे देणार का असं आधीच विचारलं तर नाव कापतील का हो?" तिने विचारायला नको म्हणून या वर्षीपासून कंपन्यांना जाणाऱ्या विनंतीपत्रात ते मीच विचारते, पहिल्याच परिच्छेदात. पाच पत्रं गेली आहेत. तुमच्यापैकी कुणी अशा कंपनीत असाल तर मला मेसेज करा, सहावं पत्र तुमच्याकडे पाठवते.