झाडं राहिली, पाचोळा गेला
लेखात म्हटलंय की ठाण्याला लागून, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाजवळ असलेल्या येऊरसारख्या ठिकाणी टॉवरऐवजी मोठ्या प्लॉटवर विरळ बंगले बांधले आणि झाडं राखली, तर पक्ष्यांना फारसा धक्का लागत नाही. नाही पटलं. पक्षी नुसत्या झाडांवर जगत नाहीत हो.

नवरंगचंच घ्या. पावसाच्या तोंडावर येतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. सगळं पोट जमिनीवरच्या पाचोळ्यावर: पानं उलटायची, खालचे किडे-गांडुळं टिपायची. घरटंही बऱ्याचदा जमिनीवर नाहीतर बुटक्या फांदीवर. बंगलेवाल्याला पाचोळा म्हणजे कचरा. माळी रोज सकाळी खराटा मारतो, ढीग करून पेटवतो, वर लॉन. करवंदीची जाळी तर साप येतात म्हणून पहिली जाते. वर मांजर पाळतात, ते जमिनीवरचे पक्षी टिपणारच!

तांबट वाळक्या फांदीत ढोली कोरतो. तीच फांदी 'गाडीवर पडेल' म्हणून छाटली जाते.

गंमत म्हणजे अशा बागेत पक्षी भरपूर दिसतात. कावळे, साळुंक्या, बुलबुल, दयाळ, जास्वंदीवर शिंजीर. मालक खूश. पण हे तर ठाणे शहरातल्या आमच्या नौपाड्याच्या गल्लीतही आहेत. आकडा वाढतो, रानातले जातात.

आणि विरळ म्हणजे पसरलेलं. तेवढीच कुटुंबं एका इमारतीत मावतील. बंगल्यांना प्रत्येकी रस्ता, कुंपण, रात्रभर दिवे. शनिवारच्या डीजेबद्दल तर बोलायलाच नको. राष्ट्रीय उद्यानाभोवती बांधकामांवर बंधनं घालणारा पर्यावरण-संवेदनशील पट्टा 2016 साली अधिसूचित झालाय, त्याचा लेखात साधा उल्लेखही नाही?