मार्गारेटा कोझुखची वाट सोपी नव्हती

नमस्कार,

जर्मन व्हॉलीबॉलपटू मार्गारेटा कोझुखवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की जर्मनीचा इनडोअर व्हॉलीबॉल संघ ऑलिंपिकला पोचेना, म्हणून ती तिशीत सोपी वाट धरून वाळूवर, म्हणजे बीच व्हॉलीबॉलमध्ये उतरली. तिथे लॉरा लुडविगसारखी सुवर्णविजेती जोडीदार आयती मिळाली, आणि तरीही ऑलिंपिक पदक नाहीच. मग एवढं कौतुक कशाला, असं तुमचं म्हणणं.

संघाचं खरं आहे. २००८, २०१२, २०१६ या तिन्ही ऑलिंपिकला जर्मन महिलांचा इनडोअर संघ नव्हता. पण 'सोपी वाट' मला अजिबात पटत नाही. बीचला एका देशाच्या जास्तीत जास्त दोन जोड्या ऑलिंपिकला जातात. आणि इथे देश कुठला? ज्याच्या लुडविग-वॉल्केनहॉर्स्ट जोडीने २०१६ला रिओत सुवर्ण आणि २०१७ला व्हिएन्नात जगज्जेतेपद पटकावलं तो! टोकियो ऑलिंपिकला दुसरी जर्मन जोडी गेली तिच्यातली कार्ला बोर्गर ही कोझुखचीच आधीची जोडीदार. म्हणजे चुरस घरातच होती.

आता 'आयती जोडीदार' हा मुद्दा, कारण खरी गंमत इथेच आहे. इनडोअरला कोझुख बहुतेक काळ ऑपोझिट, म्हणजे मुख्यतः स्मॅश मारणारी खेळाडू म्हणून खेळली. ऑपोझिटला सहसा सर्व्हिस उचलावी लागत नाही, ते काम लिबेरो (फक्त बचावासाठी असलेली खेळाडू) आणि बाकीच्या करतात. हिने मागे सरायचं, लिफ्टरने (मारण्यासाठी बॉल उचलून देणारीने) दिलेल्या बॉलवर झेपावायचं आणि ब्लॉकवरून, म्हणजे नेटपाशी आडव्या आलेल्या हातांवरून मारायचं. वाळूवर दोघीच. जिच्यावर सर्व्हिस येते तिनेच पास द्यायचा, गुडघ्यांवरून उठायचं, पाय रुतत असताना नेटपर्यंत धावायचं आणि स्मॅशही तिनेच मारायचा. तो कुणी मारायचा हे समोरची जोडी सर्व्हिस करतानाच ठरवते! लुडविगसारखी कसलेली खेळाडू शेजारी असेल तर सर्व्हिस कुणावर पडणार, तुम्हीच सांगा. इनडोअरला कच्चा पास देणारीला झाकता येतं, बदली खेळाडू आणता येतो. इथे बदली नाही. त्यात बोटांच्या टोकांनी बॉल अलगद पलीकडे टाकायची इनडोअरची सवय इथे फाउल ठरते, आणि ब्लॉकला बॉल लागला की तो जोडीला मिळणाऱ्या तीन स्पर्शांतला पहिला धरला जातो. इतक्या वर्षांत हाताला बसलेलं वळण मोडून तिने हे सगळं नव्याने गिरवलं. अशा खेळात कुणी कुणाच्या जिवावर तरून जात नाही.

आणि इनडोअरला तिचं संपलं होतं असंही नाही. २०११ आणि २०१३ला युरोपियन स्पर्धेत रौप्य. २०११ची फायनल तर बेलग्रेडमध्ये सर्बियाच्या घरच्या प्रेक्षकांपुढे पाचव्या सेटपर्यंत गेली होती. २०१६ला इटलीच्या कासालमाज्जोरे क्लबकडून युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि त्यानंतर ती बीचकडे वळली. उतरणीला लागलेली खेळाडू अशी असते का?

पदकाचं म्हणाल, तर २०१९ला लुडविगबरोबरच्या पहिल्याच मोसमात रोमची वर्ल्ड टूर फायनल्स ही बीचची मोसमाअखेरची स्पर्धा तिच्या नावावर आहे. टोकियोत बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात समोर आगाथा-दुदा, ब्राझीलची तगडी जोडी. तिसरा सेट १६-१४ असा खेचून आणला. पुढे उपांत्यपूर्व फेरीत रॉस-क्लाइनमनकडून हरल्या, आणि सुवर्ण त्या अमेरिकन जोडीनेच नेलं. त्यांच्याकडून हरली म्हणून कारकीर्द फुकट गेली असं मी तरी म्हणणार नाही.