दोन महादेव्या आणि सतरा नंबरचा फॉर्म

गेल्या मे महिन्यात आमच्या सासूबाई बारावी पास झाल्या. वय ७८, शिक्षण दुसरी, तेही कानडी शाळेत. समोरच्या वहिनी नारळ घेऊन आल्या, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने पेढ्यांचा पुडा पाठवला आणि सासूबाईंनी डोक्यावर पदर घेऊन दोन्हींचा स्वीकार केला. पेपर मी दिले होते.

हे कसं झालं ते सांगायचं तर १९९८ सालच्या तांदळापासून सुरुवात करायला हवी.

माझं माहेरचं नाव महादेवी. सोलापुरात हे काही दुर्मीळ नाव नाही. विजापूर वेशीत उभं राहून हाक मारलीत तर दोघी-तिघी वळून बघतील. अडचण एवढीच की सासूबाईंचं नावही महादेवी. आता नवऱ्याने आईच्या नावाने बायकोला हाक कशी मारायची, आणि मारलीच तर ओ कुणी द्यायची? म्हणून लग्नात ताम्हणात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात ‘मीनल’ असं लिहिलं आणि विषय मिटला. हेच नाव त्याला कुठून सुचलं, हा प्रश्न मी गेली २७ वर्षं अडीअडचणीसाठी राखून ठेवलाय. तर महादेवीची मीनल झाली याचा एकमेव लेखी पुरावा त्या ताम्हणात होता आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मसालेभात झाला.

लग्न झालं तेव्हा माझी अकरावी कॉमर्स नुकतीच संपली होती आणि अठरावं पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते. वडील नियमाला पक्के. “बारावी काय, सासरी करेल की,” असं बैठकीत ठरलं होतं. बैठकीत जे जे ठरतं त्यातलं सोनं तेवढं वजन करून घेतात, बाकीचं सगळं अंदाजपंचे. बारावी राहिली. राहिली म्हणजे दुखतबिखत नव्हती कुठे. पण दोन वर्षांपूर्वी लेक कॉलेजचा फॉर्म भरत होती, तेव्हा मान वर न करता म्हणाली, “आई, तुझं दहावीच टाकते ना?”

त्यातला ‘च’ मला लागला.

चौकशी केली तर कळलं, बाहेरून बारावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. फार काही नाही: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधारकार्ड, फोटो. फोटोत अडचण आली नाही. दाखल्यावर मी महादेवी, पुढे वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर मीनल, पुढे नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. आमच्या सासऱ्यांनी रेशनकार्डात ‘मीनल’ लिहिलं, त्यावरून मतदार यादीत गेलं, तिथून आधारवर. महादेवी वाटेत कुठे उतरली ते कुणी पाहिलं नाही.

नेट कॅफेवाल्या पोराने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “काकू, या दोन बायका आहेत.”

“एकच आहे रे.”

“तुम्ही एक असाल. कागदावर दोन आहेत.”

लग्नपत्रिका काढली. तीत ‘चि. सौ. कां. महादेवी’ आहे, मीनलचा पत्ता नाही. कशी असेल, पत्रिका छापली तेव्हा तांदूळ अजून पोत्यात होते. लग्नाची नोंदणी केलेलीच नव्हती, ती २६ वर्षांनी केली. अर्जावर सही करण्याआधी मी नवऱ्याला म्हटलं, “बघा हं, अजून वेळ गेलेली नाही.” ते म्हणाले, “रांगेत दीड तास उभा आहे, आता कर सही.” आमच्या संसारात याहून मोठा प्रेमाचा उद्गार मी ऐकलेला नाही.

त्यावर प्रतिज्ञापत्र. कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याने सराईतपणे बडवलं, ‘महादेवी व मीनल या दोन भिन्न व्यक्ती नसून मी एकच व्यक्ती आहे.’ ओळख पटवायला सासूबाईंना नेलं होतं. नोटरीसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “महादेवी कोण?”

आम्ही दोघी एकदम म्हणालो, “मी.”

साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. त्यांना सगळं समजावून सांगायला अर्धा तास गेला. सासूबाई मधूनमधून कानडीत मदत करत होत्या, नाहीतर पंधरा मिनिटांत झालं असतं.

घरात सगळ्यात गंमत वाटली ती सासऱ्यांना. ते जुन्या अकरावीचे मॅट्रिक. आपल्याकडे नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ ला झाली आणि पहिली बारावी त्याच्यानंतर. त्याआधी अकरावीला मॅट्रिक झालं की माणूस शिकला असं धरत. “आमच्या वेळी बारावी नव्हतीच,” ते म्हणाले, “तवर सोलापुरातल्या गिरण्या चालत होत्या. बारावी आली आणि भोंगे बंद पडले.” गिरण्या बंद पडायला बारावी जबाबदार, हे मी अर्थशास्त्राच्या पेपरात लिहिणार होते, पण पाच मार्कांत बसेना.

विषय सहा, प्रत्येकी १०० मार्कांचे. इंग्रजी, मराठी, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन, पुस्तपालन, आणि गणित नको म्हणून चिटणिसाची कार्यपद्धती. लेखी ८०, तोंडी-प्रकल्पाचे २०. पास व्हायला ३५. यातल्या पुस्तपालनाची मला काडीची भीती नव्हती. बचतगटाची मी १४ वर्षं खजिनदार. बारा बायकांचा हिशोब आणि आजवर पाच रुपयेही इकडचे तिकडे नाहीत. बँकेतला माणूस माझी वही बघून मान हलवतो. म्हटलं, या विषयात तरी लेकीला दाखवू.

पुस्तक उघडलं आणि ते एकदम घरचंच वाटलं. भागीदाराचा प्रवेश, भागीदाराची निवृत्ती, भागीदाराचा मृत्यू, भागीदारी संस्थेचं विसर्जन: चार धड्यांत सगळं एकत्र कुटुंब. नवा भागीदार आत येताना भांडवल तर आणतोच, वर ‘ख्याती’ म्हणून रोख रक्कमही आणतो आणि ती जुने भागीदार आपसात वाटून घेतात. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. आमच्याकडे याला दुसरा शब्द आहे आणि १९६१ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. मग नवा भागीदार आल्याबरोबर घरातल्या मालमत्तेचं पुनर्मूल्यांकन करतात: यंत्रांची किंमत १० टक्क्यांनी कमी करा, फर्निचर तेवढंच ठेवा, येणं बुडेल म्हणून तरतूद करा. मीसुद्धा आल्या आल्या केलं होतं, फक्त वहीत लिहून ठेवलं नव्हतं.

समजलं सगळं. ताळेबंद मात्र जुळेना. रात्री अकराला भांडी आवरून बसायचं, गणित सोडवायचं आणि शेवटी डावीकडे एक बेरीज, उजवीकडे दुसरी. एकदा ४,५०० चा फरक आला. लेक वरूनच बघून म्हणाली, “आई, ‘ब’ची उचल भांडवलातून वजा कुठे केलीस?” आता बचतगटात फरक आला तर कुणाकडे राहिले ते मी तोंडं बघून सांगते. एखादी उगीच पदर नीट करत असते, एखादीला एकाएकी दूध उतू गेल्याची आठवण होते. पुस्तकातल्या अ, ब आणि क ला तोंडच नाही. तिघं बसून राहतात ४,५०० रुपये गिळून.

“काय लिव्हलालीस गं एवढं रात्रीचं?” सासूबाई कूस बदलत विचारायच्या.

“भागीदार मेलाय, आत्या. त्याच्या वारसाला किती द्यायचं ते काढतेय.”

“द्या म्हणावं लवकर. लाईट जळाय लागलंय.”

या सहा विषयांखेरीज आणखी एक विषय असतो, त्याला नुसती श्रेणी मिळते: पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा. जलसुरक्षा! सोलापुरात! आमच्या गल्लीत चार दिवसांआड पाणी येतं, तेही पहाटे चारला, आणि कधी येणार हे पंचांगातही नसतं. मला प्रकल्प दिला होता, ‘कुटुंबातील पाणीवापराची नोंद’. मी आठवडाभर इमानेइतबारे लिहिलं: पिंप दोन, टाकी एक, घागरी सहा; भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अंगणात, अंगणातलं तुळशीला. केंद्रावरच्या सरांनी वाचलं, घागरींची बेरीज माणसांनी भागली आणि म्हणाले, “ताई, हे खरं वाटत नाही. जरा वाढवून लिहा.” मी माणशी एक बादली वाढवली. श्रेणी चांगली मिळाली. ती बादली मला अजून घरात सापडलेली नाही.

जानेवारीत गड्डा. सगळं सोलापूर सिद्धेश्वराच्या यात्रेत आणि मी वाणिज्य संघटनाच्या पुस्तकात. अक्षता सोहळ्याला तेवढी गेले. संमती कट्ट्याजवळ गर्दीत उभी होते, सात नंदीध्वज आले, हजारो हातांतून तांदूळ उडाले. मी मनात म्हटलं, देवा, तुझ्या लग्नाला एवढे साक्षीदार आहेत. माझ्या वेळी यातल्या एकाने तरी ताम्हणाचा फोटो काढला असता तर.

फेब्रुवारीत परीक्षा. पहिला पेपर इंग्रजीचा आणि नेमकं त्याच पहाटे पाणी सुटलं. चारपासून पाईप धरून उभी, ओठावर टॅग क्वेश्चन. शेजारीण म्हणाली, “काय पुटपुटलालाव?” म्हटलं, “वॉटर हॅज कम, हॅजंट इट?” ती घाबरून आपली घागर घेऊन आत गेली.

साडेदहाला वर्गाच्या दारात पोचले. नवी इस्त्रीची साडी, चष्मा, हातात फाईल. मी आत पाऊल टाकलं आणि अख्खा वर्ग उभा राहिला. खिडकीतून काहीतरी पांढरं भिरकावलं गेलं. तिसऱ्या बाकावरच्या एका पोराने माझ्या डोळ्यांत बघत बघत हातातला कागद तोंडात घातला आणि चावू लागला. भरारी पथक समजले होते मला. मी माझा नंबर शोधत त्याच्याच मागच्या बाकावर जाऊन बसले, गुडघे बाकाच्या फळीत अडकवले आणि हॉल तिकीट काढून पुढे ठेवलं. पोराने मागे वळून ते वाचलं. कागद तोवर गिळून झाला होता. “काकू,” तो कळवळून म्हणाला, “आधी सांगायचं की ओ.”

अकरा ते दोन, वर शेवटची दहा मिनिटं जादा. तीन तास सलग एका जागी बसणं, कुणी चहा मागत नाही, कुणी ‘माझा टॉवेल कुठाय’ विचारत नाही, दारावर बेल वाजत नाही! पहिला अर्धा तास मी नुसती बसूनच होते. खरं सांगते, मधल्या दहा मिनिटांत जरा डोळाही लागला. बाईंनी येऊन हलक्या हाताने बाक वाजवला, “पुरवणी हवी का?” मी म्हटलं, “उशी असेल तर द्या.” हे मनात.

पुस्तपालनाच्या दिवशी ताळेबंद जुळला नाही. शेवटच्या दहा मिनिटांत ‘क’कडे संशयाने बघितलं, ‘ब’ची उचल दोनदा वजा करून पाहिली, फरक वाढला. बाहेर आल्यावर पोरींनी घेरलं, “काकू, टॅली झाला का?” चौदा वर्षांची खजिनदारी पणाला लागली होती. म्हटलं, “झाला की.” त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. ते मात्र मी करायला नको होतं.

निकाल दुपारी एकला. संकेतस्थळावर बैठक क्रमांक टाकायचा आणि आईचं नाव. लेकीने सवयीने ‘मीनल’ टाकलं. निकाल सापडेना. पुन्हा टाकलं, पुन्हा नाही. माझ्या पोटात गोळा. मग नवरा मागून म्हणाला, “अगं, तिची आई टाक, तुझी नको.” माझ्या आईचं नाव टाकल्यावर पान उघडलं. ६०० पैकी ३३९. चिटणिसाची कार्यपद्धती ७१. भागधारकांना पत्रं लिहिण्यात मी हुशार निघाले, जन्मात एक भागधारक पाहिला नसताना. पुस्तपालन ४१. लेकीने काही म्हटलं नाही. तिने पाणी आणून दिलं, ते जास्त लागलं.

नवऱ्याने हौसेने निकालाचा फोटो स्टेटसला ठेवला, वर लिहिलं, ‘आमच्या घरची महादेवी बारावी उत्तीर्ण’. गल्लीत आमच्या घरची महादेवी एकच, पानाचा डबा घेऊन ओट्यावर बसलेली. पुढचं सांगितलंच आहे. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा समोरच्या वहिनी सासूबाईंना विचारत होत्या, “या वयात कसं काय जमवलाव हो अक्का?” सासूबाईंनी सुपारी कातरत सांगितलं, “रात्री रात्री जागलो की.” यात खोटं काही नव्हतं. लाईटमुळे त्याही जागल्याच होत्या.

नंतर गुणपत्रिका आणायला केंद्रावर गेले. खिडकीतल्या लेखनिकाने यादीत बोट फिरवलं. “महादेवी. मुलगी आली नाही का? सही तिचीच लागते.”

“मीच आहे.”

त्याने एकदा आधारकार्ड बघितलं, एकदा मला. मी फाईलमधून प्रतिज्ञापत्र काढून समोर ठेवलं. ते त्याने सावकाश वाचलं, मागचा शिक्काही बघितला आणि रजिस्टर पुढे सरकवलं. मी पेन टेकवलं, आणि हाताने सवयीने ‘मी’ काढला. वेलांटीसकट. तो तसाच खोडून पुढे ‘महा’ लिहायला लागले.

“ओ ताई, खाडाखोड चालत नाही हो इथं.”

“मग काय करू?”

“खालच्या ओळीवर करा नवीन.”

खालची ओळ रिकामी होती. सत्तावीस वर्षांत ही सही केलेली नव्हती. ‘दे’ची मात्रा तेव्हा मी उलटी काढायचे की सरळ, ते आठवेना. मागून एक पोरगा म्हणाला, “काकू, जरा लवकर.” म्हटलं, “थांब की बे, सही करलाले.”