विनोदाची वसुली

मराठीत विनोद करायला काय लागतं? निरीक्षण, वाचन, टायमिंग वगैरे लोक सांगतात, ते सगळं नंतरचं. आधी नोकरी लागते. कायम, आणि जमल्यास पेन्शनवाली.

हे मत माझं नाही, आमच्या बाबांचं आहे. बाबा बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झाले. मी स्टँडअप करणार, मालिका लिहिणार आणि मिळतील ती कामं करणार, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा त्यांनी अजिबात आरडाओरडा केला नाही. वसुलीवाला माणूस आधी कागद गोळा करतो. दुसऱ्या दिवशीपासून रात्रीच्या जेवणाला एकेक प्रकरण पुढ्यात यायला लागलं.

"चिं. वि. जोशी. बडोद्याला पालीचे प्राध्यापक," बाबा आमटी ओरपत म्हणायचे. पुढच्या घासाला, "मिरासदार कॉलेजात मराठी शिकवायचे. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत. शंकर पाटीलही नोकरीतलेच. तिघांनी गावोगाव कथाकथन करून महाराष्ट्र हसवला, पण महिन्याचा पगार कुणी सोडला का?"

"त्याला जेवू द्या," आई.

"जेवू दे की. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, एवढं ऐकून जेव म्हणावं."

मी उलटतपासणी घ्यायचा प्रयत्न केला. दादा कोंडके? "अपना बाजारात कामाला होते." निळू फुले? "पुण्याला सैन्याच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम." लक्ष्मण देशपांडे, पन्नासच्या वर पात्रं एकटा माणूस उभी करायचा, त्यांचं काय? "मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे विभागप्रमुख." जॉनी लिव्हर? यावर बाबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "हिंदुस्तान लिव्हरमध्ये होता. अरे, त्याच्या तर नावातच कंपनी आहे."

शेवटी मी पु. ल. काढले. १९५३ साली एकाच सिनेमाची कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि वर मुख्य भूमिका! बाबांनी ताक संपवलं. "आणि त्यानंतर? आकाशवाणीत नोकरी, मग दूरदर्शन. इतकं सगळं येत असून त्यांनी पगार घेतला. तुला यातलं काय येतं?"

यावर माझ्याकडे पंचलाइन नव्हती. घरी कधीच नसते.

खरं सांगायचं तर बाबांचं म्हणणं मला पटतं, फक्त ते त्यांच्याकडून ऐकायला आवडत नाही. आमच्या पिढीला वाटलं आपण पहिले. २०१६च्या सुमाराला भाडिपा हे यूट्यूब चॅनल आलं, मराठीत स्टँडअप करता येतं हे लोकांना कळलं, आणि डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत प्रत्येक ऑफिसातल्या विनोदी माणसाला आपण वाया चाललोय असं वाटायला लागलं. मी त्यातलाच. ओपन माइकला, म्हणजे कुणीही नाव नोंदवून विनोद करून बघावा अशा कार्यक्रमाला जायचं, पाच मिनिटांसाठी उलट आपणच पैसे भरायचे, आणि समोर कोण? तर आपला नंबर कधी येतो याची वाट बघणारे इतर कॉमिक. कॉमिक दुसऱ्या कॉमिकच्या विनोदाला हसत नाही. मान हलवतो आणि म्हणतो, "चांगलं लिहिलंय." मग शेवटची कर्जत पकडायला धावायचं, आणि गाडीत वहीत लिहायचं की लोक कुठे हसले नाहीत. वही लवकर भरते.

स्टँडअपमध्ये पैसे नाहीत म्हणून सगळे लिहायला जातात. लिहिण्यात पैसे असतात, पण ते नव्वद दिवसांनी असतात. मालिकेचे संवाद मात्र नव्वद मिनिटांत लागतात. गुरुवारी टीआरपी येतो, तो पडलेला असतो, चॅनलची ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, फोन करते आणि सांगते की मावशीचा ट्रॅक लोकांना आवडत नाहीये, उद्या सकाळच्या सीनमध्ये मावशीला कोकणात पाठवा. रात्री दोन वाजता मी मावशीची बॅग भरतो. सकाळी सातला सेटवरून फोन येतो, की मावशीला ट्रॅव्हल करता येणार नाही, तिच्या पुढच्या तारखा घेऊन ठेवल्यात. मग मावशी दारातूनच परत येते आणि मी तिला एक भावनिक स्वगत देतो. या स्वगताचे पैसे गणपतीत लिहिलं तर संक्रांतीला. तीळगूळ घ्या, गोड बोला, अशी ही पद्धत आहे.

लिहिण्याचे पैसे येईपर्यंत काय करायचं, तर अभिनय. वर्सोव्याला आराम नगर आहे. नावावर जाऊ नका. तिथल्या बंगल्याबंगल्यात ऑडिशन चालतात आणि बाहेर माझ्यासारखेच सावळे, थोडं पोट असलेले, विनोदी दिसणारे तीसेक पुरुष एकच संवाद पुटपुटत उभे असतात. आत गेल्यावर नाव, उंची, डावी बाजू, उजवी बाजू. "सर, थोडा और फनी, पर करना कुछ नहीं." हिंदी वेबसिरीजमध्ये मराठी नटाला हवालदाराचं काम मिळतं. आडनाव शिंदे नाहीतर कदम. संवाद "जी साब." मी या दोन शब्दांत बरंच काही घातलं होतं, एडिटमध्ये "साब" राहिलं.

गंमत म्हणजे तिन्हीकडचे लोक मला दुसरीकडचा समजतात. कॉमिक म्हणतात, तू ॲक्टर आहेस, म्हणून जास्त करतोस. लेखकांच्या खोलीत म्हणतात, तू कॉमेडियन, तू पंच टाक, इमोशन आम्ही बघतो. कास्टिंगवाला म्हणतो, आप तो रायटर हो ना? सरकारचंही तेच. बाबांनी एकदा प्राप्तिकराचे नियम काढून दाखवले: चित्रपट कलाकाराच्या व्याख्येत नट येतो, पटकथाकार येतो, संवादलेखक येतो, अगदी वेशभूषाकारसुद्धा येतो. उभं राहून विनोद सांगणारा कुठेच नाही. "हवालदाराचं काम सोडू नकोस," बाबा म्हणाले. "त्यामुळे तरी तू कायद्यात बसतोस."

नाटकवाल्यांचं मात्र मला कौतुक आहे. प्रयोग झाला की नाइटचं पाकीट तिथल्या तिथे. शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या मेकअप रूममध्ये बसून पाकीट उघडणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर जी शांती असते, ती मी टीव्हीवाल्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही.

तर बाबा या सगळ्यात उतरले ते एका सोसायटीच्या गणपतीमुळे. मला अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता, आरती आणि पाककला स्पर्धेच्या बक्षिसांच्या मध्ये. सेक्रेटरींनी आधी बाजूला घेतलं. राजकारण नको. धर्म तर नकोच. जात अजिबात नको. नवरा-बायको नको, कारण बी विंगमध्ये एक केस चालू आहे. पार्किंगवर बोलू नका, कारण त्यावर दोन चालू आहेत. पुण्यावर बोला म्हणाले. मग जरा विचार करून, नको, अध्यक्षीण बाई सदाशिव पेठेतल्या आहेत. "बाकी अगदी मोकळेपणानं." मी पावसावर बोललो. पहिल्या रांगेत मुलं समोसे खात होती, मागे एक आजोबा "आवाज येत नाही" असं माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगत होते. शेवटी शाल, श्रीफळ आणि टाळ्या.

बाबा प्रेक्षकांत होते. रिक्षात त्यांनी शालीची घडी उलगडून नीट झटकली. पाकीट पडेल या आशेनं. पडलं नाही.

"आणखी कुणाकुणाकडे येणं आहे?" त्यांनी विचारलं. मी नावं सांगत गेलो आणि ते डायरीत लिहीत गेले. रिक्षा घराशी पोचली तरी यादी चालूच होती. मुलाच्या कारकिर्दीत त्यांना पहिल्यांदाच रस वाटलेला मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कामाला सुरुवात. आवाज चढवायचा नाही, समोरच्याचं नाव विचारायचं, तारीख लिहून घ्यायची आणि त्या तारखेला बरोबर फोन करायचा. एका प्रॉडक्शनच्या अकाउंटंटनं नेहमीचं सांगितलं, "काका, चेक तयार आहे, फक्त सही राहिलीय."

"सही कोण करतं?"

"मोठे सर. पण ते शूटवर आहेत."

"कुठे?"

"मढला."

एवढं सांगितल्यावर वसुलीवाला थांबत नाही. बाबा सकाळी डबा, छत्री आणि फाइल घेऊन निघाले, वर्सोव्याहून फेरीबोटीनं मढला उतरले आणि बंगल्याबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मी फोन करकरून थकलो. दुपारी एकच मेसेज आला: "जेवण चांगलं आहे."

रात्री घरी आले ते चेहऱ्यावर पॅनकेकचा मेकअप घेऊनच. झालं असं, की लग्नाच्या सीनमध्ये मुलाच्या आजोबांचं काम करणारा नट ट्रॅफिकमध्ये अडकला. प्रकाश चालला होता. दिग्दर्शकानं आजूबाजूला पाहिलं, तर खुर्चीवर एक गृहस्थ, पांढरा शर्ट, मांडीवर फाइल, नजर अशी की समोरच्यानं कर्ज बुडवलंय. तोच चेहरा त्यांना हवा होता. बाबांनी एका टेकमध्ये "हुंडा आम्ही घेत नाही, पण हिशोब चोख लागतो" हे वाक्य म्हटलं. युनिट हसलं म्हणे. माझ्या वाक्यांवर मढमध्ये अजून कुणी हसलेलं नाही, आणि हे वाक्य तर माझंच होतं.

जाताना पाकीट हातात. शिवाय आता कंटिन्युइटी आल्यामुळे, म्हणजे पुढेही आजोबा तेच दिसायला हवेत म्हणून, आजोबांचा ट्रॅक वाढवलाय, पुढच्या आठवड्याच्या तारखाही दिल्यात.

"आणि माझा चेक?" मी विचारलं.

बाबा आरशासमोर उभं राहून खोबरेल तेलानं पॅनकेक पुसत होते. "सही राहिलीय," ते म्हणाले. "आणि हे बघ, तू आता जरा दम धर. फार तगादा लावू नकोस त्या लोकांना. मला तिथे काम करायचंय."