अब्रेऊ कुठे टिकला नाही म्हणता?

परवा सेबास्टियन अब्रेऊचा विषय निघाला आणि एका मित्राने तो तिथेच मिटवला. "कुठे टिकलाच नाही रे तो!" तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

उरुग्वेचा हा फुटबॉलपटू, स्ट्रायकर, म्हणजे गोल करायची जबाबदारी असलेला. ताडमाड उंच, डाव्या पायाचा, पाठीवर १३ नंबर. टोपणनाव 'एल लोको', म्हणजे वेडा. ११ देश, ३० च्या वर क्लब. चिलीचा आउदाक्स इटालियानो हा त्याचा २६ वा क्लब ठरला तेव्हा सर्वाधिक क्लबकडून खेळलेला फुटबॉलपटू म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं म्हणून लोक हसतात. पण ते बिऱ्हाड त्याच्या पाठीवर कोणी चढवलं?

१९९८ साली स्पेनच्या देपोर्तिवो ला कोरुन्याने त्याला विकत घेतलं. २००४ पर्यंत कागदोपत्री तो त्यांचाच. आणि खेळला कुठे? ब्राझीलमध्ये ग्रेमियो, अर्जेंटिनात सान लोरेन्झो, मायदेशी नासिओनाल, मेक्सिकोत क्रूझ आझुल. सगळं लोनवर. मालकी एकाची, राबायचं दुसऱ्याकडे. दर वेळी नवं गाव, नवा कोच, कडेने चेंडू पुरवणारे नवे विंगर, आणि पहिल्या मॅचपासून गोल हवेत. डिफेंडरला जम बसवायला वेळ मिळतो, स्ट्रायकरला चार मॅच कोरड्या गेल्या की लोक बदली मागतात.

तरी त्याने गोल केले. २००२ मध्ये क्रूझ आझुलकडून १९ गोल करून तो मेक्सिकन लीगचा टॉप स्कोअरर झाला. पुढे मेक्सिकोतल्याच डोराडोससारख्या छोट्या क्लबमध्ये गेला. (पुढे कोच म्हणून गाजलेला पेप ग्वार्डिओला खेळाडू म्हणून कारकिर्दीच्या अखेरीस तिथे आला होता, तो त्याचा सहकारी होता!)

आम्हा कोल्हापूरकरांना हे पटायला जड जातं. आमचा फुटबॉल तालमीचा आणि पेठेचा. जर्सी बदलली की माणूस मनातून उतरतो. मीही तसाच विचार करायचो, २ जुलै २०१० पर्यंत.

जोहान्सबर्ग, वर्ल्डकपची क्वार्टर फायनल, समोर घाना. आपल्याकडे मॅच सुरू झाली तेव्हा रात्रीचे १२ वाजले होते. जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी उरुग्वेच्या सुआरेझने गोललाइनवर हाताने चेंडू अडवला, घानाच्या ग्यानची पेनल्टी क्रॉसबारला लागली, आणि सगळं शूटआउटवर, म्हणजे आळीपाळीने मारायच्या पेनल्टी किकवर आलं. उरुग्वेची पाचवी किक अब्रेऊकडे. आत गेली की उरुग्वे ४० वर्षांनी सेमीफायनलमध्ये.

तो धावत आला. घानाचा गोलकीपर किंग्सन एका बाजूला झेपावला आणि अब्रेऊने चेंडूला खालून नुसता हलका डाव्या पायाचा स्पर्श दिला. चेंडू सावकाश, मधोमध, तरंगत आत.

लोक याला वेडेपणा म्हणाले. मला नाही वाटत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिओत बोटाफोगोकडून फ्लामेंगोविरुद्धच्या फायनलमध्ये त्याने हेच केलं होतं. परक्या मैदानांवर, परक्या लोकांसमोर स्वतःला पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागलेल्या माणसाचे पाय तिथे लटपटले नाहीत, यात मला नवल वाटत नाही.

आणि नासिओनाल, त्याचा लहानपणापासूनचा लाडका क्लब, त्याला पुन्हा पुन्हा घरी बोलावत राहिला.

२०२१ मध्ये, ४४ व्या वर्षी, तो थांबला. तेव्हाही तो मोंटेव्हिडिओच्या सुद अमेरिकाकडून उरुग्वेच्या पहिल्या श्रेणीत खेळत होता.