कॉफी केल्यावर परत गॅसवर ठेवू नका, प्लीज

आज साडेदहाला ऑफिसात कॉफी घेतली आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. आठला केलेली कॉफी, काचेचं भांडं तेव्हापासून त्या गरम प्लेटवर, कडेला काळी रेघ धरलेली. करपट वास, कडू चव आणि वर आंबट. आणि सगळे साखर टाकून टाकून निमूट पितायत! चिकमगळूरच्या मळ्यात कुणीतरी एकेक फळ हाताने तोडलंय, त्याचं आपण हे करायचं?

माटुंग्याला आमच्या शेजारी तमिळ मामी राहायच्या. पहाटे पितळेचा फिल्टर लावायच्या, डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, थेंब थेंब पडत राहायचं. एकदा आईने उरलेलं डिकॉक्शन गॅसवर चढवलं तर मामी ओरडल्याच, "अहो, दूध उकळा, ते नको!" गार झालं तर वाटी गरम पाण्यात ठेवायच्या, बस. का, ते मला पुढे कॉलेजात कळलं, उष्णतेने कॉफीतलं क्लोरोजेनिक अ‍ॅसिड फुटत जातं आणि कडवट-आंबटपणा वाढतो, सुगंध तर त्याआधीच वाफेबरोबर उडालेला असतो. मामींना हे नाव माहीत असायचं कारणच नव्हतं, जीभ होती ना.

हो, पन्नास माणसांना दर अर्ध्या तासाने ताजी कोण करून देणार, मान्य. पण मग थर्मास घ्या ना! तोही कॉफीचा वेगळा, चहाचा वास बसलेला नको.

बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा रोज संध्याकाळी मामी दोन थर्मास द्यायच्या, एकात डिकॉक्शन, एकात दूध. आधी दोन्हींत उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायच्या, ते ओतून मग गळ्यापर्यंत भरायच्या, आत हवा राहिली की लवकर निवतं म्हणून. रात्री अकराला आई बाकावर बसून कपात दोन्ही एकत्र करायची आणि तो वास यायचा, अगदी मामींच्या स्वयंपाकघरातला. आई दिवसभर रडली नव्हती, पहिल्या रात्री तो कप हातात धरून रडली.

मामी आता नाहीत. डिकॉक्शनचा छोटा थर्मास आमच्याकडेच राहिला, त्याच्या झाकणाची रबरी रिंग मी परवाच बदलली. उद्या ऑफिसात नेतोय. आणि त्या प्लेटचं बटण मी स्वतः बंद करणार, कुणाला काय बोलायचं ते बोलू दे.